पालीची साक्ष

हेमांगी बाकावर दोनदा नख वाजवी आणि भिंतीवरची पाल चुकचुकून उत्तर देई. हसू नका, त्या प्रयोगशाळेत मी चाळीस वर्षं बरण्या पुसल्या आहेत. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती पोरगी. बिवलकर सरांनी तिला पालीवर संशोधन करायची संधी दिली होती. "निबंधावर तुझं नाव माझ्या आधी," असा शब्दही दिला होता. आठ महिने तिनं पालीला हातानं झुरळं भरवली आणि नोंदींनी वही भरत आणली.

परिषद आमच्याच प्रयोगशाळेत भरली. पडद्यावर निबंध आला, तर त्यावर एकट्या सरांचं नाव. हेमांगी ताडकन उठली. "सर, त्या नोंदी माझ्या आहेत!"

"मग वही दाखव ना, बाळ." वही तर आठवड्यापूर्वीच तिच्या कप्प्यातून नाहीशी झाली होती. सर पाहुण्यांकडे वळले. "हिनं झुरळं छान पकडली हो. निरीक्षणं सगळी माझी."

तेवढ्यात पाल चुकचुकली. बोलताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं, हे शास्त्रज्ञांनाही घरीच शिकवलेलं असतं. सगळे हसले, "सत्य आहे!" म्हणत त्यांनी बाकांवर बोटं वाजवली आणि विषय तिथंच संपला.

"सरांचं एक वेळ समजेन," हेमांगी पालीकडे बघत पुटपुटली, "पण तू गं?"

पाल बिचारी निर्दोष होती. सरांनी टेबलाखाली दोनदा नख वाजवलेलं मी पाहिलं. ती खूण त्यांनी वहीत वाचली होती, आणि वही त्यांना नेऊन दिली होती मी.