मधली फरशी

सुभेदार हंबीरराव गुडघ्यांवर बसून तारेच्या ब्रशनं अंगण घासत होते. सैन्यातून परत येऊन पंधरा वर्षं झाली, पण शत्रू दिसला की हात अजून शिवशिवायचे. या खेपेला शत्रू शेवाळ होतं. काल त्यांनी ॲसिड ओतून पाहिलं. ॲसिडनं शहाबादी फरशी पांढरीफटक पडते, हे एक फरशी पांढरी करून झाल्यावर त्यांना कळलं. आज ते ब्लीचिंग पावडरवर आले होते.

उद्या अकराला आटपाडीचे पाहुणे येणार होते. हंबीररावांची मुलगी, म्हणजे शिवांजली, त्यांना पसंत होती. उरली होती ती लग्न ठरवायची बैठक. बैठकीत मुलीकडून पहिला शब्द घरातल्या थोरल्यानं टाकायचा, ही त्यांच्या घरची रीत. आणि थोरले भाऊ नाथाजी तर समोरच राहायचे. दोन घरांची दारं समोरासमोर, मध्ये हे अंगण. पण बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद झालं, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून अंगण अर्धं-अर्धं. मध्ये भिंत मात्र कुणी घातली नाही, कारण ती कुठून घालायची हे ठरवायला बोलावं लागलं असतं.

भावजींना बोलवा, असं रंगूबाई आठ दिवस नवऱ्याच्या कानीकपाळी ओरडत होती. तो आधी बोलला तर बघू, एवढंच हंबीररावांचं उत्तर. आता समोरच्या दोरीवर नाथाजींचा फेटा धुऊन वाळत घातलेला दिसत होता. इथं सख्ख्या पुतणीची बैठक आणि स्वारी निघाली कुणाच्या तरी लग्नाला. हंबीररावांना भारीच राग आला.

रागाच्या भरात ते पुढं सरकले आणि थबकले. सगळं अंगण हिरवं होतं, पण त्यांच्या दारापासून मध्यापर्यंत हातभर रुंदीचा पट्टा लख्ख होता. शेवाळ धरू नये इतके कुणाचे तरी पाय तिथं रोज पडत होते. त्यांनी रंगूबाईला बोलावलं आणि समोरच्या घरी हे जाणं-येणं कधीपासून चाललंय, असं दरडावून विचारलं.

रंगूबाई चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"आमी जावा-जावा परसदारानं जातो, रोज," ती म्हणाली. "ही वाट तुमची हाय. रोज सांजच्याला मदल्या फरशीपतूर जाता आन् माघारी येता."

सुभेदार त्याला शतपावली म्हणत असत. त्यांनी मान वर केली. नाथाजींच्या दारापासूनही तसाच लख्ख पट्टा निघाला होता आणि तोही मध्येच थांबला होता. दोन्हींच्या मध्ये एकच फरशी हिरवीगार उरली होती. हंबीररावांना एकदम भरून आलं. डोळ्यांत ब्लीचिंग गेलं, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

मग सरकत-सरकत जाऊन ते ती फरशी घासू लागले. अर्धी झाली तेव्हा समोरचं दार वाजलं. नाथाजी खराटा घेऊन आले, राहिलेली अर्धी आपली आहे म्हणाले आणि समोर बसले. दोघंही घासू लागले.

"दादा, फेटा कुणाच्या लग्नाला?" हंबीररावांनी मान खाली घालूनच विचारलं.

"लग्नाला न्हाई. उद्या पोरीची बैठक हाय न्हवं?" नाथाजी म्हणाले. "तू बोलावलं नसतंस, तरी फेटा बांधून माझ्या अर्ध्या अंगणात बसलो असतो."