कोपऱ्यावरचं घर

ओव्हरसियर टेप घेऊन गल्लीत शिरला तेव्हा दोन्ही जावा आपापल्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. मागची वस्ती मोठ्या रस्त्याला जोडायची होती आणि नवा रस्ता दोघींपैकी एकीचं घर घेणार होता. दुसरीचं घर कोपऱ्यावर येणार होतं.

धाकटीने नगरपालिकेत चपला झिजवल्या होत्या. लाल खूण थोरलीच्या दारावर पडली.

"नकाशाच तसा आहे, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "त्याला मी काय करणार?"



दोघी सुना म्हणून आल्या तेव्हा समोर लाकडाची वखार होती. वखारीच्या जागी थिएटर आलं, थिएटरच्या जागी काचेची बँक. डांबराचे थर चढून रस्ता इतका वर आला, की पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात जायचं, तिथे आता एक उतरावी लागे. वैर मात्र होतं तिथेच होतं. थोरल्या भावाचं घर आधीचं. धाकट्याने भांडण झाल्यावर त्याला चिकटूनच आपलं घर घाईघाईने एका उन्हाळ्यात उभं केलं. पुढे दोघे भाऊ गेले आणि भांडण बायकांकडे आलं. मोरीच्या पाण्यावरून, दारातल्या चपलांवरून, कुणाच्या तरी खोकण्यावरूनसुद्धा. ओल आली की थोरली म्हणायची, मिळून दुरुस्त करू. धाकटी म्हणायची, भिंत तुमची, ओलही तुमची.

ओव्हरसियरने मधल्या भिंतीचं विचारलं. सामाईक असेल तर ती ठेवावी लागेल, म्हणाला.

कोपऱ्यावर धाकटीला दुकान काढायचं होतं, आणि भिंत गेली तर त्याला हातभर जागा वाढत होती. धाकटीने ते केव्हाच मापून ठेवलं होतं.

"त्यांचीच आहे. एक वीट ठेवू नका."

ओव्हरसियर थोरलीकडे वळला. तिची मान खाली होती. धाकटीला ते पाहून बरं वाटलं.

"ती म्हणते तसंच," थोरली म्हणाली. "भिंत माझी."

ती लेकीकडे राहायला निघाली त्या दिवशी कितीतरी वर्षांनी धाकटीच्या दारात थांबली.

"तुझं कपाट भिंतीपासून सरकवून ठेव हो. धूळ फार उडेल."

"तुमच्या घराची धूळ माझ्या घरात कशी येईल?" धाकटी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

घर पाडायच्या सकाळी धाकटी समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसली. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून ती सांगत होती, इथे शटर येणार, तिथे पाटी. थोरलीचं छप्पर उतरलं, खोल्या गेल्या, जिना गेला. शेवटी मशीनने मधली भिंत ओढली.

धूळ खाली बसायला थोडा वेळ लागला. पलीकडे दुसरी भिंत नव्हती. धाकटीचं न आवरलेलं अंथरूण अख्ख्या रस्त्याला दिसत होतं.