भरलेलं पिस्तूल

संधिवाताने माझे अंगठे पार गेलेत. पिस्तुलाच्या मॅगझिनची, म्हणजे गोळ्यांच्या कप्प्याची, स्प्रिंग इतकी कडक, की चौथी गोळी काही केल्या आत दाबली जात नाही. म्हणून तीन वर्षं माझा नवरा हार्लनच ते भरून देतो. ट्रक घेऊन निघताना पिस्तूल माझ्या उशाशी ठेवतो. "दहा आहेत, लू. कुणी दार फोडलं तरी घाबरू नकोस."

या खेपेला त्याचा त्रास वाचवावा म्हणून मी गोळ्या भरायचा लोडर घ्यायला गेले. बंदुकांचा दुकानदार व्हर्नने मी नेलेलं मॅगझिन रिकामं केलं आणि एकेक गोळी उलटी करून बघत राहिला.

"हे भरलं कुणी?"

"हार्लनने. का?"

"बाई, या सरावाच्या नकली गोळ्या आहेत. दहाच्या दहा. एकही उडायची नाही."

तिथूनच हार्लनला फोन लावला. "जानेवारीत कुणीतरी दार हलवत होतं. तासभर मी हे नकली गोळ्यांचं पिस्तूल धरून उभी होते, हार्लन!"

 तो म्हणाला, "भांडताना तू माझ्याकडे कशी बघतेस, ते तुला दिसत नाही. शनिवारी येतो, मग बोलू."

व्हर्न मान खाली घालून काउंटर पुसत होता.

"लोडर दे," मी म्हटलं. "आणि खऱ्या गोळ्याही."