परवाना कुणाच्या नावावर?

“माझ्याकडे परवानाधारक शस्त्र आहे,” विवाह नोंदणी कचेरीच्या फाटकावर टाइल्सवाल्याने जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं. हे वाक्य तो बँकेत बोलला होता, दवाखान्यात बोलला होता, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालूनही बोलला होता.

पहाऱ्यावरच्या शिपायाने चहाचा कप खाली ठेवला. “कुठाय?”

“गाडीत. पिस्तूल रिकामं, डिकीतल्या पोलादी डब्यात, कुलूपबंद. गोळ्या वेगळ्या, पुढच्या खणात. नियम म्हणजे नियम.”

बायको मागे फुलं घेऊन उभी होती. मुलगी आणि होणारा जावई केव्हाच वर गेले होते. अकराला सह्या व्हायच्या होत्या. जावई जहाजावरचा मेकॅनिक. गुरुवारी निघणार, आठ महिन्यांनी परतणार. टाइल्सवाल्याच्या खिशात हरकतीचा एक अर्ज होता. लग्नाची नोटीस फळ्यावर तीस दिवस लागायला हवी. ती एकोणतीसच दिवस होती. त्याने रोज येऊन मोजले होते. सह्यांच्या आधी नोंदणी अधिकाऱ्यासमोर उभं राहून एवढं म्हटलं की नोटीस पुन्हा लागणार आणि लग्न महिनाभर पुढे. तोवर जहाज गेलेलं, आणि आठ महिन्यांत पोरगी शुद्धीवर आलेली, असा त्याचा हिशोब होता. पिस्तुलाचं इथे काही काम नव्हतं. तसं ते कुठेच नव्हतं.

“हत्यार आत चालणार नाही,” शिपाई म्हणाला.

“आत कोण नेतंय? गाडीतच राहील.”

“गाडीत टाकून जाता येत नाही, शेठ. फर्निचरवाल्याचा परवाना त्यापायीच गेला ना? तक्रार तुमचीच होती.”

होती. फोटोसकट.

“मग बाईंना बसवा गाडीत,” शिपायाने सुचवलं.

“परवाना तिच्या नावावर आहे का?” टाइल्सवाला सवयीने गरजला. गरजला आणि जागच्या जागी अडकला.

“मग झालंच की,” शिपायाने कप पुन्हा उचलला.

“तुम्ही बसा. मी जाऊन येते,” बायको म्हणाली आणि जिना चढू लागली.

सकाळी तो डबा डिकीत ठेवत असताना ती म्हणाली होती, “अहो, त्या डब्याचं जरा...” तेव्हाही तिला हाच प्रश्न ऐकावा लागला होता. परवाना तुझ्या नावावर आहे का? नसेल तर पिस्तुलाला हात लावायचा नाही आणि त्याबद्दल तोंडही उघडायचं नाही, असा घरचा कायदा होता. मुलीने लहानपणी एकदा “बाबा, हे खरंच उडतं का?” असं विचारलं होतं. तिला अर्धा तास कलमं ऐकवण्यात आली.

टाइल्सवाला गाडीत बसला. डब्याची किल्ली गळ्यात होती, पण भर रस्त्यात डबा उघडणं म्हणजे शस्त्राचं प्रदर्शन; तेही मना. टप तापला. अकरा वाजले. वरच्या खिडकीतून टाळ्या ऐकू आल्या. त्याने आरशातून डिकीकडे पाहिलं. तिकडे कुणी चोर सोडा, कुत्रंही फिरकलं नव्हतं. घरच्यांच्या रक्षणासाठी घेतलं होतं पिस्तूल. घरचे वर होते आणि तो खाली पिस्तुलाचं रक्षण करत होता. पण नियम पाळल्याचं समाधान काही कमी नसतं. तेवढ्यावर तो घरी येईपर्यंत ताठ बसला.

घरी आल्यावर त्याने डबा उघडला. आत फक्त स्पंज होता, मधोमध पिस्तुलाच्या आकाराचा खळगा.

“पिस्तूल कुठे गेलं?”

“कपाटात, रुमालांखाली. काल पुसून तुम्हीच ठेवलंत.”

“तुला माहीत होतं? मग फाटकावर बोलली का नाहीस?”

बायकोने केसांतलं फूल काढून पाण्यात ठेवलं.

“परवाना माझ्या नावावर आहे का?”