धक्क्याला न लागणारी बोट

"ही आमची बोट न्हय," राजाराम म्हणाले आणि बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला.

सीमाच्या हातातला खेळण्यातला दिव्याचा खांब निसटून टेबलाखाली गेला. समोर तिने बांधलेली बोट उभी होती. प्लास्टिकच्या ठोकळ्यांची, हातभर लांब, काळ्या पोटाची, पिवळ्या धुरांड्याची. एके काळी मुंबई आणि कोकणातली बंदरं जोडणारी आगबोट. उद्या माटुंग्याच्या हॉलमध्ये ठोकळेवाल्या मंडळींचं प्रदर्शन होतं, त्यांच्यातला अभय थोड्या वेळात गाडी घेऊन न्यायला येणार होता, आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते वडील म्हणत होते, ही आमची नव्हे.

तिला रडूच आलं. पण पन्नाशीच्या बाईने खेळण्यापायी रडायचं म्हणजे मजल्यावर आणखी हसं. आधीच काय कमी हसून झालं होतं! विमा कंपनीतून घरी आली की ही बाई भाजी निवडावी तशी ठोकळे निवडत बसते. कपाटावर मराठ्यांच्या आरमारातली गुराब होती, शेजारी पोर्तुगीजांचं गलबत होतं. त्या दोघांना राजारामांनी "बरी आसत" एवढीच पावती दिली होती. या बोटीला तरी त्यांनी 'हां, हीच ती' म्हणावं, एवढं एकच तिला हवं होतं. पोरवयात ते याच बोटीने मालवणहून एकटे मुंबईला आले, पुढे मिलला लागले. त्या प्रवासाबद्दल त्यांनी घरात कधी चकार शब्द काढला नव्हता.

"काय चुकलं, बाबा? धुरांडं?"

"धुरांडा बरा आसा."

"मग?"

"बोट धक्क्याक कशी लागली गे?"

सीमाने सगळा जीव त्या धक्क्यातच ओतला होता. भाऊच्या धक्क्यावर जाऊन फोटो काढून आणले होते. पायऱ्या केल्या, दोरखंडाचे खुंट केले, डोक्यावर ट्रंक घेतलेला हमालसुद्धा उभा केला. नाकापेक्षा मोती जड झाला होता. पण बोट म्हटली की धक्का आलाच, असं मुंबईत जन्मलेल्या तिला वाटलं, त्यात तिची तरी काय चूक?

"ता तुमच्या मुंबयत," राजाराम म्हणाले. "मालवणाक बोट लांब, खोल पाण्यात उभी रवा. थय सगळी खडपा, बोटीचो तळ फुटात. माणसां पडावात्सून जायत."

"पडाव म्हणजे होडी?"

"मोठी होडी. शिडयेक लागा, माणसां वर चढत."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. खाली मिरची कुटत होते, पण तिचा दोष नव्हता. खिडकी बंद होती.

"आवस इली पडावात्सून," ते म्हणाले. "पडाववालो वळखीचो. तिना माका शिडयेर चढवल्यान, ट्रंक वर दिल्यान. मगे पडाव फिरलो. मी वरसून बघतंय, तर तिची पाठच दिसता. पुढल्या चतुर्थेक घराक गेलंय, तवा ती नव्हती."

आजीचा एक फोटोही घरात नव्हता. सीमाने धक्का उचलला आणि सरळ तोडायला घेतला. पायऱ्या निघाल्या, खुंट निघाले, हमाल डब्यात गेला. त्या जागी तिने निळं पाणी पसरलं. तपकिरी ठोकळे निवडून पडाव बांधला.

"लुगडं कसलं होतं?"

"हिरवा."

माणसांच्या डब्यातून तिने एक बाई काढली आणि तिला हिरवं धड बसवून पडावात उभं केलं. बोटीच्या कठड्याशी एक लहान पोरगा ठेवला. पडावाचं तोंड किनाऱ्याकडे केलं, बाईची पाठ पोराकडे. बोट सुटायची वेळ म्हणून धुरांड्यावर पांढरा धूर चढवला आणि दोऱ्याला टांगलेला इवलासा नांगर वर ओढून गुंडाळला. सगळं त्यांनी सांगितलं तसं.

फोन वाजला. अभय होता. "ताई, खाली आलोय. गाडी लावायला जागाच नाय, पटकन आणा ना."

"आले रे. दोन मिनिटं." तिने फोन ठेवला. "आता बघा, बाबा."

राजारामांनी चष्मा चढवला. टेबलाशी खुर्ची ओढून घेतली आणि बराच वेळ बघत बसले.

"हां," ते म्हणाले. "हीच ती."

इतके महिने ज्या शब्दांची वाट पाहिली ते हे असे मिळाले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सीमाला वाटलं, मिळाले नसते तर बरं झालं असतं.

मग राजारामांनी हाताचं एक बोट पडावाच्या टोकाला लावलं आणि हळूहळू पडाव फिरवला. पार फिरवला. त्याचं तोंड बोटीकडे आलं. खेळण्यातली माणसं सगळी हसरीच असतात. ती बाई आता पोराकडे बघून हसत होती.

"बाबा, पण पडाव तर परत गेला ना?"

"तो गेलो," राजाराम म्हणाले. ते पडावाकडेच बघत होते. "नांगर वर कित्याक घेतलंस? खाली सोड."

फोन पुन्हा वाजायला लागला. सीमाने तो वाजू दिला आणि दोरा सैल केला. नांगर खाली गेला आणि निळ्या पाण्यावर टेकला.