गोतावळ्याची पानं

“अहो, हे तर आमचे आजोबा! तुमच्या पानावर कसे काय?”

सकाळी सकाळी कुणा अनोळखी बाईचा हा निरोप वाचून सुनेला आकाश ठेंगणं झालं. आजोबा एकच, म्हणजे बाई घरचीच की! नवऱ्याला बसल्या जागी एक चुलत बहीण मिळाली.

सून वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करायची. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी घरी बसवलं, पण स्वस्थ बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिनं इंटरनेटवर विकिपीडियासारखा घराण्याचा विकी करायला घेतला. माणसागणिक एक पान, पानावर फोटो, खाली सासूबाईंनी सांगितलेली हकिकत. आजोबांच्या पानावर आत्याचं नाव दाबलं की आत्याचं पान उघडायचं. फोटो सगळे सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीतले.

हा खटाटोप बाळासाठी. सून स्वतः अनाथ मुलींच्या वसतिगृहात वाढलेली, मागे ना पुढे कुणी. शाळेत कुटुंबावर निबंध लिहायला सांगितला की ती बेधडक थापा मारायची आणि मग घरी, म्हणजे खोली नंबर सातमध्ये, जाऊन रडायची. आपल्या बाळावर ती पाळी येता कामा नये, बस्स.

“आई, आजेसासऱ्यांची नात सापडली!”

सासूबाई मटार सोलत होत्या. “कुठे सापडली?”

“तुमच्या जुन्या गावातल्या लोकांचा एक ग्रुप आहे. मी परवा विकी तिथे टाकला.”

“कुणाला विचारून?” सासूबाईंचा हात थांबला. मग त्या म्हणाल्या, “बरं, जाऊ दे. तू जरा पाय वर घेऊन बस बघू.”

दुपारी दुसरा निरोप आला. थोरल्या आत्याचा फोटो पाहून एका निवृत्त बसचालकानं लिहिलं होतं, “ही माझी आई. एकुलती एक होती.”

आता आली का पंचाईत! आत्या एकुलती एक, तर तिचे भाऊ, म्हणजे आपले सासरे, उगवले कुठून? सुनेनं कागद घेतला, रेघा मारल्या, आजोबांचं दुसरं लग्न लावून दिलं, एक दत्तक विधान करून पाहिलं. कशाचा कशाला मेळ बसेना.

चहाच्या वेळेला तिसरा निरोप आला. तो मावससासऱ्यांच्या पानावर होता आणि चांगलाच तापलेला होता. “हा मी आहे. मी जिवंत आहे. मी बोटीवरून पडून मेलो असं तुम्ही कुणाच्या परवानगीनं लिहिलंत? आणि शेजारी उभी आहे ती माझी बायको नाही, मेहुणी आहे.”

सुनेला हसावं की रडावं कळेना. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. तिनं फोन केला.

“मला कशाला विचारतेस?” तो म्हणाला. “मी तर बाबांनासुद्धा फोटोतच बघितलंय. आईला विचार, सगळा गोतावळा तिला तोंडपाठ आहे.”

सुनेनं आधी तिघांना विचारलं, फोटो काढला कुठे? तिघांचं उत्तर एकच आलं. पुलाजवळच्या माडीवरचा स्टुडिओ. त्याच स्टुडिओत सासूबाई नोकरीला होत्या, हे तिनं त्यांच्याच तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं.

ती स्वयंपाकघरात जाऊन समोर बसली. “आई, खरं सांगा. यातलं आपलं कोण आहे?”

सासूबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“लोक फोटो काढायचे आणि न्यायलाच यायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “स्टुडिओ बंद व्हायचा होता. मालक म्हणाले, जाळून टाक. अगं, हसऱ्या तोंडाची माणसं जाळायची कशी? मलाही कुणी नव्हतं. पुढे पोरगा विचारायला लागला, आपलं कोण कोण आहे? मग दिलं एकेकाला नातं.”

“आणि सासरे?”

“पेटीतलेच.”

“मग हे?” सुनेनं मोबाइल पुढे केला. नवऱ्याच्या पानावर त्याचा दोन वर्षांचा असतानाचा फोटो होता, लाकडी घोड्यावर बसलेला, एक मोजा घसरलेला. “हा फोटो तरी आपला आहे ना?”

सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“स्टुडिओच्या शेवटच्या दिवशी एक बाई त्याला घेऊन आली. घोड्यावर बसवलं, आलेच म्हणाली आणि गेली. अंधार पडेपर्यंत वाट पाहिली गं मी. फोटो न्यायला कुणी आलं नाही. त्यालाही न्यायला कुणी आलं नाही. टाकून कशी येऊ त्याला?”

सुनेनं त्यांना पोटाशी धरलं. तिलाही कुणी न्यायला आलं नव्हतं. तिच्या वाट्याला अशी बाई आली नाही, एवढंच. या घरात आल्यापासून सासूबाई तिला कधी इतक्या आपल्या वाटल्या नव्हत्या.

“त्याला सांगू नकोस,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही सांगत. डोळे पुसा आधी.”

विकी लोकांना दिसणं बंद करून टाकावं म्हणून ती कॉम्प्युटरपाशी गेली. नवऱ्याच्या पानावर एक नवा निरोप येऊन पडला होता.

“हा माझा भाऊ आहे. आई अजून आहे, तिनंही फोटो ओळखला. त्या दिवशी ती त्याच्यासाठी दूध आणायला खालच्या दुकानात गेली होती. लगेच वर आली, तर स्टुडिओला कुलूप होतं.”