नऊ ऑगस्टची रजा

सुनेत्राताईंनी रजांचा तक्ता उघडला आणि स्वप्निलला शेजारच्या खुर्चीत बसवलं. नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या त्यांच्या कंपनीत एक सोय होती: इथल्या एखाद्या सणाला कामावर यायचं आणि ती सुट्टी आपल्या सणाला घ्यायची. टीममधल्या मराठी मंडळींनी झाडून गणेशचतुर्थी घेतली होती. पलीकडच्या टेबलावरच्या मार्लेननं नऊ ऑगस्ट घेतला होता. ती सुरिनामची. तिकडच्या मूळ रहिवाशांच्या सन्मानाची ती राष्ट्रीय सुट्टी. ताईंनी तिची रजा कौतुकानं मंजूर केली होती, वर त्या दिवशीच्या कार्यक्रमाचे, पिसांच्या मुकुटातले फोटो पाठवायला बजावलं होतं.

"आणि तूही नऊ ऑगस्ट?" ताई खूश झाल्या. "क्रांतिदिन! हल्लीच्या पोरांना आठवतो तरी का रे? आजोबा स्वातंत्र्यसैनिक वाटतं?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. रविवारी ताईंकडे जेवण होतं आणि त्यांची भाची चारुता त्यासाठी खास उइटहॉर्नहून यायची होती. चारुता भेटल्यापासून स्वप्निल रोज दाढी करू लागला होता. ताईंनी ते हेरलं होतंच. नवा माणूस आला की त्या आधी आडनाव विचारत, मग गाव, आणि त्याला योग्य त्या खणात ठेवून मोकळ्या होत. स्वप्निलनं साबळे म्हटल्यावर त्यांनी मराठा धरलं, गाव विचारलंच नव्हतं.

"क्रांतिदिन नाही, ताई. आदिवासी दिन. मार्लेनचा तोच."

"म्हणजे तिच्या कार्यक्रमाला चाललायस! छान, सपोर्ट करावा माणसानं."

ही दुसरी पळवाट.

"कार्यक्रमाला जाणारच आहे. पण दिवस माझाही आहे. आम्ही महादेव कोळी, नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचे."

ताईंचा हात माउसवर थबकला.

"अगंबाई! वाटत नाहीस हो अजिबात." मग, मार्लेनला मराठीचं अक्षर कळत नसूनही, त्यांनी आवाज खाली आणला. "मी कुणाला सांगणार नाही हं. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' टाकते."

टाकलंही. रजा जागच्या जागी मंजूर झाली.

"रविवारी मात्र नक्की ये. चारुताच्या येण्याचं काही खरं नाही, बघू."

"मघाशी कॉफी घेताना तर तुम्ही म्हणालात, ती पुरणपोळ्या आणणार आहे."

"पोरींचं काय रे, आज एक, उद्या एक."

"असू दे ताई, मीच विचारतो. नंबर तुम्हीच दिलाय." स्वप्निलनं तिथंच बसून फोन लावला. तीन रिंग झाल्या.

"चारुता, स्वप्निल बोलतोय. दोन मिनिटं आहेत? रविवारच्या आधी तुला एक सांगायचंय."

सुनेत्राताईंनी नजर तक्त्यावरून काढली नाही. त्यांची चाकांची खुर्ची मात्र वीतभर त्याच्या बाजूला सरकली.